कागदाची मागची बाजू

प्रिय शकूआत्या,

विलायती कापडावर बहिष्कार घालणारा आपल्या गावाचा १९३० सालचा ठराव गेल्या महिन्यात मी स्कॅन केला. त्यावर घरटी एक सही आहे, फक्त तुझ्या आजोबांची नाही. "तुमी गोऱ्यांची मानसं," हे गावकऱ्यांकडून ऐकून ऐकून तू माहेरी येणं सोडलंस. टोमणा खरा निघाला.

पण आमच्या दप्तरखान्याच्या नियमाप्रमाणे कागदाची मागची बाजूही स्कॅन करावी लागते. तिथे एक अंगठा आहे आणि शेजारी लिहिलंय, "घरधनी न्हाई म्हनत्यात, पर ह्यो माजा. साळूबाई." म्हणजे तुझी आजी.

चावडीवर सह्या करणाऱ्यांच्या नावांचा नवा फलक लागतोय, त्यावर तिचं नाव कोरून झालंय.

हे पत्र मी टाकणार नाही. रविवारी तुला न्यायला येईन आणि "चष्मा घे," एवढंच सांगेन.

तुझी भाची,
ऋजुता