ओल्या हवेतलं मिसिंग

प्रिय मिस्त्री,

सुरुवातीला काय लिहावं यातच एक कोरा कागद फुकट गेला. आधी 'प्रिय जावईबापू' लिहिलं आणि खोडलं, कारण कोर्टाच्या म्हणण्याप्रमाणे तू आता माझा जावई नाहीस. नुसतंच 'प्रिय' लिहून पुढे जागा सोडली, तर ते बँकेचं पत्र वाटायला लागलं. मग म्हटलं, ट्रकचं बॉनेट उघडलं की मी तुला ज्या नावाने हाक मारतो तेच बरं. बस डेपोतल्या मेकॅनिकला मिस्त्री म्हटल्याचा राग येणार नाही, एवढी तुझी पारख मला आहे. पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते सवयीने. लेकीची बेकरी जोरात चालली आहे. मी तिचे पाव ठिकठिकाणी पोचवतो आणि उरलेला वेळ तिच्या कामात लुडबूड करतो, असं तिचं म्हणणं.

तुमचं लग्न मोडलं तेव्हा मी कुणाचीच बाजू घेतली नाही. दोघंही भली माणसं, पण एका घरात दोघांचा जीव घुसमटायचा, हे मला दिसत होतं. लेकीचं दुःख लेकीजवळ, तुझं तुझ्याजवळ. माझ्या दुःखाला मात्र कुठे जागाच नव्हती. जावई गेला म्हणून सासरा डोळे पुसतोय, असं कुणी ऐकलंय का? त्यानंतर पहिल्यांदा बाजारात समोरासमोर आलो, तेव्हा तू मला 'काका' म्हणालास. इतकी वर्षं बाबा म्हणणारा तू. तू मर्यादा पाळलीस, हे मला कळत होतं. तरी घरी येऊन मी विनाकारण लेकीवर खेकसलो. आता आपल्या दोघांना बांधून ठेवणारं काही उरलं नाही, असंच मला वाटलं. उरला होता फक्त हा खटारा ट्रक.

आठवतं ना त्याचं दुखणं? झड लागली की स्वारीचं बिनसायचं. सुरू व्हायचा, पण उभ्या जागी थरथरायचा, आणि चढावर इंजिनाचे ठोके चुकून असा मिसिंग मारायचा की मागे पावांचे ट्रे एकमेकांवर आदळायचे. ऊन पडलं की पुन्हा शहाणं बाळ. मी आधी माझी अक्कल पाजळली. प्लग बदलले. पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल म्हणून टाकी रिकामी केली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने पेट्रोलचा पंप बदलला, त्याच्या पलीकडच्याने तर इंजिनच उतरवायला सांगितलं. आणि मग एका भिजट सकाळी ट्रक चढावरच बसला, हॉस्पिटलचे पाव उशिरा पोचले. तिथल्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी लेकीला ऐकवलं, की पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरी बेकरी बघू. लेकीने मला ते शब्द न् शब्द सांगितलं आणि मैदा मळायला घेतला. ती अशी कामाला भिडली की माझी पाचावर धारण बसते. मी मुकाट्याने तुला फोन लावला.

तू नाही म्हणाला असतास तरी मी काय करणार होतो? पण तू डेपोची पाळी संपवून तसाच आलास, पेटी खाली ठेवलीस आणि ती उघडलीच नाहीस. नुसते प्रश्न. गार असताना जास्त मारतो की तापल्यावर? रिकामा असताना की ओझं असताना? पाऊस थांबला की लगेच सुधारतो की वेळ घेतो? मी वैतागलो. म्हटलं, अहो, तपासणी पुरे, पाना काढा. तू हसलास आणि इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची बाटली मागितलीस. मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. आम्ही इंजिन पुसून पुसून थकलो होतो आणि हा पठ्ठ्या त्याला आणखी भिजवायला निघाला होता! इंजिन चालू ठेवून तू प्लगच्या एकेका वायरवर बारीक फवारा मारत गेलास. पहिलीला काही नाही, दुसरीला काही नाही, तिसरीवर पाणी पडलं आणि ट्रकला ठसका लागला. वायरीच्या टोकाशी जी रबरी टोपी असते, तिला केसाएवढी चीर होती. ओलावा मिळाला की ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाहेरच्या बाहेर पळत होती. मी कौतुकाने बोट पुढे केलं, तर तू माझं मनगट धरून मला मागे खेचलंस. काका, शॉक बसेल, म्हणालास. जावई होतास तोवर मी तुला अहो-जाहो करायचो. त्या दिवशी माझ्या तोंडून 'अरे, हो रे' निघालं आणि ते तसंच राहिलं. तू मात्र काकांना काही सोडलं नाहीस.

पुढच्या ओल्या दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. या वेळी वायरींची बाटलीपरीक्षा निर्धोक पार पडली, तेव्हा तू वायरींना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून उजेडाकडे धरलंस आणि आतली काळी रेघ मला दाखवलीस. ठिणगीने तिथेही चोरवाट पाडली होती. मला ती रेघ काही चष्म्याशिवाय दिसली नाही, पण मी मान डोलावली. लेक तेव्हा आत भट्टीपाशीच होती. तू यायचास तेव्हा तिला नेमकं भट्टीपाशी काम निघायचं, आणि तूही आत डोकवायचा नाहीस. पण खिडकीच्या कट्ट्यावर चहाचे दोन कप कधी येऊन बसायचे ते कळायचं नाही. त्यातला एक बिनसाखरेचा. तू तो न विचारता उचलायचास. मी दुसरीकडे बघत असल्याचं सोंग करायचो.

तिसऱ्या खेपेची गोष्ट मात्र मला लिहूनच सांगायची होती. वायरी नव्या, झाकण नवं, आणि तरी मिसिंग. तूही जरा चक्रावलास. मग तू ट्रकभोवती एक चक्कर मारलीस, वर झाडाकडे बघितलंस, आणि मला सीटवर बसवून इंजिन चालू ठेवायला सांगितलंस. तुला बॉनेटखाली डोकं घालायचं होतं आणि कुणीतरी वरून समोरच्या काचेवर पाणी ओतायला हवं होतं. मी उतरणार इतक्यात लेक बाहेर आली. हातात पाण्याचा मग, कोपरापर्यंत मैदा. ती स्टुलावर चढली आणि ओतायला लागली. तू खालून म्हणालास, हळू. ती म्हणाली, एवढं? तू म्हणालास, अजून थोडं, डावीकडे. कोर्टाच्या पायऱ्या उतरल्यापासून तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेले ते पहिले शब्द, आणि मी काचेच्या आत बसून काचेवरून वाहणारं पाणी बघत होतो. मला समोरचं काही धड दिसत नव्हतं, आणि त्याला फक्त काचेवरचं पाणी कारण नव्हतं. तेवढ्यात ट्रक गचके द्यायला लागला आणि बॉनेटखालून तू ओरडलास, सापडलं, बाबा, रेस करा! काचेखालची पाणी वाहून जायची वाट पानांनी तुंबली होती आणि पाणी थेंब थेंब ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलवर पडत होतं. मीच ट्रक रोज त्या झाडाखाली लावत होतो. तू मूठभर कुजकी पानं काढून माझ्या हातात ठेवलीस आणि लेक खळखळून हसली. तू बाबा म्हणालास, हे तुझ्या लक्षात तरी आलं का, कोण जाणे. मी रेस जरा जास्तच केली होती.

संध्याकाळी ट्रे पुसताना लेक आपणहून म्हणाली, मेकॅनिक चांगला आहे. पुढचा ट्रे उचलत म्हणाली, माणूसही चांगलाच आहे, बाबा, आमचं जमलं नाही एवढंच. तिच्या आवाजातला कडवटपणा त्या दिवशी गेला, तो पुन्हा आलेला नाही. ती आता रात्री शांत झोपते. मिस्त्री, ट्रक दुरुस्त केलास त्याचे आभार मी तेव्हाच मानले होते. हे आभार त्या मगभर पाण्याचे आहेत. ते फोनवर मला जमलं नसतं. फोनवर आपण दोघं प्लग आणि वायरींच्या पलीकडे कधी गेलोच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, इतका वेळ टाळत होतो. ट्रक विकला. फुलझाडांच्या नर्सरीवाल्याने नेला. पानं साफ करत जा, असं त्याला बजावून सांगितलं. लेकीने बॅटरीवर चालणारी नवी गाडी घेतली आहे. तिच्यात प्लग नाही, वायरी नाहीत, झाकण नाही. कितीही पाऊस पडो, बया हूं की चूं करत नाही. परवा आभाळ भरून आलं, तेव्हा सवयीने माझा हात फोनकडे गेला. लेक बघत होती. म्हणाली, आता मिस्त्रीला काय सांगून बोलावणार? मी तिलाच विचारलं, तुझी हरकत नाही ना? तर म्हणे, हरकत असती तर दोन कप चहा कशाला पाठवला असता? म्हणून हे पत्र. या रविवारी दुपारी ये. कट्ट्यावर नको, आत टेबलाशी बसू. तुझा चहा बिनसाखरेचाच असेल. काका म्हणालास तर मी ओ देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे काहीही बिघडलेलं नाही. येताना पान्यांची पेटी आणू नकोस.

तुझाच,
बाबा