तीन नंबरचं नोझल

बाबा,

मागच्या आठवड्यात धाकट्याची गाडी ठोकत ठोकत दारात येऊन उभी राहिली. पंधरा वर्षांची डिझेल गाडी. ती विकायचीही नाही आणि तिच्याकडे नीट बघायचंही नाही, असा त्याचा बाणा. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. तिथूनच म्हटलं, "एक नोझल गेलंय रे. बेअरिंग नाही, घाबरू नकोस." तो हसला. म्हणाला, "आई, तू जन्मभर पाढे शिकवलेस, आता गाड्या नको शिकवूस." दुसऱ्या दिवशी खामगावातल्या गॅरेजवाल्याने गाडीला कॉम्प्युटर लावला, अर्धा तास पडद्याकडे पाहिलं आणि एक इंजेक्टर, म्हणजे नोझलच, खराब झालाय असं सांगितलं. संध्याकाळी पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. "तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "आजोबांनी शिकवलं." तेवढंच सांगितलं. पुढचं सांगायचं तर त्यात माझंही सांगावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मेहकरचं आपलं घर आता नाही, पण मला ते अजून तसंच दिसतं. समोर टिनाचं शेड, शेडला लागून स्वयंपाकघराची खिडकी, आणि फोडणीला डिझेलचा वास येतो म्हणून आईची रोजची कटकट. शेडमध्ये जीपा यायच्या, ट्रक यायचे, पण तुमचा जीव होता जानेफळच्या जमीनदार मालकांच्या मोठ्या काळ्या गाडीत. गाडी विलायती. पेट्रोल फार पिते म्हणून मालकांनी तिचं मूळ इंजिन काढून चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घालून घेतलं होतं, आणि ते बसवलं होतं तुम्ही. त्यामुळे तिचं दुखणंखुपणं म्हणजे घरचंच. सकाळी सुरू होत नाही, म्हणजे पाइपात हवा शिरली. तुम्ही फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचात आणि हातपंप दाबत राहायचात. आधी फेस यायचा, मग निव्वळ डिझेल आलं की स्क्रू कसायचात. काळा धूर म्हणजे हवेची जाळी कोंदली, नाहीतर नोझल डिझेल फवारायचं सोडून ओततंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. पांढरा असेल आणि गाडी तापली तरी थांबत नसेल, तर हेडचं पॅकिंग बघा. हे सगळं डोळ्यांना दिसतं. ठोका दिसत नाही, तो ऐकावाच लागतो. नोझलचा ठोका असेल तर नोझल काढायचं, साफ करून बसवायचं, तासाभराचं काम. बेअरिंगचा असेल तर गाडी जागची हलवायची नाही, इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवायचं. नाहीतर एक दिवस रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. ऐऱ्यागैऱ्याला दोन्ही ठोके सारखेच वाटतात. ज्याला कान आहे त्यालाच वेगळे कळतात. आणि तुमचे कान गेले होते.

कधी गेले ते तुम्हालाच ठाऊक. मी मास्तरकीचं ट्रेनिंग पुरं करून घरी बसले होते, जिल्हा परिषदेच्या ऑर्डरची वाट बघत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जेवताना तुम्ही आईच्या तोंडाकडे बघत बसता. आई मनातून खूश होती, या वयात नवरा आपलं तोंड बघतोय म्हणून. मग तिलाही कळलं. शेडमध्ये तुम्ही लांब पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचात आणि त्याची लाकडी मूठ दातांत धरायचात. लोकांना वाटायचं ही मिस्त्रींची खास पद्धत. दातांना नुसती थरथर कळते, ठोका टणक की बद्द ते कळत नाही, हे तुम्ही मला पुष्कळ नंतर सांगितलंत.

एक दिवस जानेफळची गाडी ठोका घेऊन आली. डायव्हर उभा, आणखी दोघंतिघं बाकावर बसलेले. तुम्ही म्हणालात, "चेंबर उतरवा लागते. बेअरिंग गेलं." मी खिडकीत होते. मागच्याच महिन्यात हुबेहूब असा आवाज आला होता आणि तो नोझलचा निघाला होता. मी बाहेर येऊन म्हटलं, "बाबा, बेअरिंग नसन. आंधी नोझल पाहा ना." तुम्ही हातातला पाना आपटलात. "घरात जाय! चुलीवर काय हाय थे पाहाय. मले शिकवाले आली!" बाकावरचे हसले. मी आत जाऊन रडले, तर आई म्हणते, "काऊन तोंड घालाव बापाच्या कामात?" पण तुम्ही चेंबर उतरवलं नाही. आधी नोझल काढलंत, आणि खोट नोझलमध्येच निघाली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळी शेड न उघडता स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. आईला म्हणालात, "उखळात कांड." "काय कांडू?" "काईबी कांड. रिकामं कांड." तिने बिचारीने रिकाम्या उखळात मुसळ घातलं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "हे बेअरिंग." मग अडकित्ता घेऊन सुपारी फोडलीत. "हे नोझल. नोझलच्या पाइपाचा नट ढिला केला का नोझलचा ठोका तुटते, एकदम. बेअरिंगचा मंद होते, पन जात नाई. आलं ध्यानात?" आईने मुसळ टेकवलं. "शेड कमी पडलं का तुमाले? आता माह्या चुलीपाशी गाडी आनली!" तुम्ही हसला नाहीत, कारण ती काय म्हणाली ते तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. मुसळही आलं नव्हतं आणि सुपारीही. तुम्ही मला नुसत्या आठवणीवर शिकवत होता. ते माझ्या डोक्यात उजेड पडल्यासारखं आलं आणि आदल्या दिवशीचा राग कुठल्या कुठे गेला.

"कोनाले कळलं नाई पायजे," एवढंच तुम्ही म्हणालात. त्यावरचा तोडगाही तुमचाच. खोट कितव्या सिलिंडरमध्ये आहे ते तुमचा हात सांगायचा, त्यात तुम्ही कधी चुकला नाहीत. ठोका कसला ते मी सांगायचं. तुम्ही एकेक नट ढिला करायचात, मी खिडकीतून ऐकायचे आणि मग चहा घेऊन बाहेर यायचे. कप बशीसकट दिला तर नोझल, नुसता कप दिला तर बेअरिंग. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मिस्त्रींची पोरगी बापाच्या चहाची फार काळजी घेते असं गावभर झालं, त्यावरून दोन स्थळंही चालून आली. घोटाळा झाला तो एकदाच. मी दळण आणायला गेले होते आणि एक जीप आली. आईने भोळेपणाने चहा नेला, बशा खरकट्या होत्या म्हणून नुसता कप. तुम्ही कप बघितलात, मीच पाठवलाय असं समजलात आणि एका धडधाकट इंजिनचं चेंबर उतरवायला गाडीखाली आडवे झालात. ठोका मला रस्त्यावरूनच ऐकू आला होता. मी दळणाचा डबा ओट्यावर टाकला आणि बशी घेऊन पळाले. "बाबा, बशी राह्यली." तुम्ही गाडीखालून डोकं काढलंत, बशीकडे बघितलंत, शांतपणे चहा बशीत ओतलात आणि जीपवाल्याला म्हणालात, "चेंबरचं काई काम नाई. नोझल हाय." तो माणूस नंतर सगळ्यांना सांगत फिरला, की मिस्त्री गाडीखाली नुसतं झोपून रोग ओळखतो.

मग ऑर्डर आली. सोनाळा. जिल्ह्याचं दुसरं टोक, सातपुड्याच्या पायथ्याशी, तीन एसट्या बदलून जायचं. आठ दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर नाव यादीतून जाणार. ऑर्डर मी देवापुढे ठेवली. मी गेले तर तुमचं शेड जाणार आणि राहिले तर माझी नोकरी, हे तिघांनाही कळत होतं. आई एकदाच तुमच्याकडे बघून म्हणाली, "तू गेल्यावर याईचं कसं होईन?" चौथ्या दिवशी तुम्ही काही काम आहे म्हणून सकाळच्या एसटीने कुठेतरी गेलात, आणि संध्याकाळी परत आल्यावर म्हणालात, "मले आता ऐकू येऊन राह्यलं. त्या थेंबाईनं फरक पडला." डॉक्टरांनी दिलेले ते कानाचे थेंब वर्षभर फळीवर पडून होते. मी "खरंच?" म्हटलं. "उद्या जानेफळची गाडी येऊन राह्यली. तू खिडकीतून पाहाय. चहा आनू नोको."

गाडी आली. ठोका लांबूनच ऐकू येत होता, सुपारीचा. डायव्हरने इंजिन चालू ठेवलं. तुम्ही दोन पावलं मागे सरून उभे राहिलात, मान तिरकी, डोळे मिटलेले. मग म्हणालात, "बेअरिंग नाई. नोझल. तीन नंबर." पाना घेतलात, तीन नंबरचा नट ढिला केलात, ठोका तुटला. इंजिन बंद करवून जुनं नोझल काढलंत, सदऱ्याच्या खिशातून दुसरं काढून बसवलंत, आणि गाडी गुमान चालायला लागली. तुम्ही खिडकीकडे बघून हसलात. तुम्हाला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

पण बाबा, दोन वर्षं मी तुमच्या हातांकडेच बघत होते. एक नंबरपासून सुरुवात केल्याशिवाय तुम्ही कधी नट ढिला करत नव्हता. कितीही खात्री असो, एक, दोन, तीन, चार, ओळीने. आणि खोट कळायच्या आधीच साफ केलेलं नोझल खिशात घालून कुठला मिस्त्री उभा राहतो? डायव्हर तर इंजिनकडे बघतच नव्हता, आमच्या खिडकीकडे बघत होता. आदल्या दिवशी तुम्ही कुठे गेला होता ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. जानेफळला जाऊन तुम्ही आपल्या हातांनी त्या गाडीत खराब नोझल घालून आला होता. ज्या गाडीला तुम्ही दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नाही, तिच्यात माझ्यासाठी खोट घातलीत. मी बाहेर आले आणि म्हणाले, "बरं झालं, बाबा."

निघताना तुम्ही मला एक स्टोव्ह दिलात, जुनाच, पण त्याचं नोझल तुम्ही बसवलेलं. सोनाळ्याच्या खोलीत तो बारा वर्षं चालला. मला शाळा आवडली. पोरं आवडली, एकटीनं राहणंही आवडलं. हे मी कधी मोठ्याने बोलले नाही, कारण मुलीच्या जातीने नाइलाजाने नोकरी करावी असं सगळ्यांना वाटत होतं, आणि मी अगदी मजेत होते.

पहिल्याच दिवाळीला घरी आले तर शेडला कुलूप. तुम्ही ओसरीवर कुणाचातरी फवारणी पंप उघडून बसला होता. म्हणालात, "डोयाले दिसत नाई आता बारीक. बंद केलं." आईने मला आत नेऊन सांगितलं. जानेफळची गाडी ठोका घेऊन आली होती, तुम्ही नोझल म्हणालात, नोझल बदलून गाडी पाठवलीत, आणि जानेफळच्या अलीकडेच रॉडने ब्लॉक फोडला. कुणाला लागलं नाही. गाडीतल्या मालकांच्या घरच्या बायका बाभळीखाली बसून राहिल्या आणि बैलगाडीने घरी गेल्या. मालक तुम्हाला एक शब्द बोलले नाहीत. गाडी तेवढी दुसरीकडे गेली, आणि तिच्यामागे बाकीच्या गेल्या. तुम्ही बसवलेलं ते इंजिन भंगारात गेलं. नंतर सतरा वर्षं तुम्ही पंप आणि स्टोव्ह दुरुस्त केलेत, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांचं कारण सांगितलंत. ते डोळे, जे शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत होते. मीही माना डोलावल्या.

हे पत्र मी लिहून झालं की फाडणार आहे. धाकट्याला मी सांगत आलेय, की आजोबांचे कान थेंबांनी बरे झाले होते, आणि आता या वयात मला ते बदलायचं नाही. पण एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही ते तीन नंबरचं नोझल बदललंत त्या दिवशी, जानेफळची गाडी गेली आणि तुम्ही विहिरीवर हात धूत होता, तेव्हा आईने मला चुलीपाशी बसवलं. म्हणाली, "तू सांग बरं. याईले खरंच ऐकू येऊन राह्यलं का? नसन येत तं मी आतापासून गाड्या घेऊच देत नाई. पंप करतीन, स्टो करतीन, इज्जतीनं राहतीन. तू बिनघोर जाय, पन खरं सांग." म्हणजे मी खरं सांगितलं असतं तरी मला जाता येत होतं. पण मग तुमचं नाटक मला कळलंय, हे मला तुम्हाला तोंडावर सांगावं लागलं असतं, आणि मला ट्रंक भरायची होती, रडारड नको होती. मी म्हटलं, "हाव, येते ऐकू." आईने लगेच मानलं. माझ्या कानांवर तिचा भरवसा होता.