फुयुकाचा डावा कान

प्रिय शुन्पेई,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. त्यावरून माझा राग ओसरला असं समजू नकोस. गुरुवारी सकाळी आपल्या फुयुकाच्या डाव्या कानाचं ऑपरेशन आहे. फोनवर तू ‘रजा मिळते का बघतो’ म्हणालास आणि लगेच तिकडे तुझ्या नोकरीच्या गावी, नागोयाला, यंदा थंडीच नाही हे सांगत बसलास. म्हणून लिहायला घेतलं. कागदावर मला मध्येच कुणी तोडत नाही.

तुमच्या घरात कान कोरणं म्हणजे केवढा सोहळा! रविवारी जेवणं झाली की आई खिडकीतल्या उन्हात बसणार, मांडीवर नातीचं डोकं, हातात बांबूची कोरणी, शेजारी मळ टिपायला कागद. तू चाळिशीला आलास तरी सुट्टीत त्याच मांडीवर डोकं ठेवून घोरतोस. मला त्याचं हसू यायचं, आवडायचंही. तुम्हा सगळ्यांचा मळ कोरडा, कोंड्यासारखा भुरभुरीत. फुयुकाच्या उजव्या कानातूनही तसाच निघायचा. पानगळीत डाव्या कानातून ओलं, पिवळं, वास मारणारं काहीतरी यायला लागलं, तेव्हा आईंनी कोरणी माझ्या नाकासमोर धरली. “बघ गं, हे तुमचं ओकिनावाचं रक्त! तुमच्याकडे सगळ्यांचे कान असेच चिकट ना? आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं बाई.” शेजारच्या हात्सुएकाकू फिदीफिदी हसल्या. मी चहा ओतत राहिले.

माझ्या माहेरी बऱ्याच जणांचा मळ ओला असतो, खरंय. माझ्या आजोबांचाही होता, आणि म्हातारपणी त्यांना कुजबुजसुद्धा ऐकू यायची. तो काही रोग नाही. पण तो दोन्ही कानांत सारखा असतो आणि त्याला कुजका वास येत नाही. हे मी आईंना सांगितलं, तुलाही सांगितलं. रक्त काय एकाच कानात उतरतं? तू म्हणालास, “अगं, आईनं जन्मभर कान बघितलेत. तू उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस.” डॉक्टरचं नाव काढलं की आईंचा चेहरा पडायचा, “माझ्या हातावर भरवसा नाही का?” आणि तुझं ठरलेलं, “नववर्षाला येतो ना, तेव्हा बघू.” तू आलास, नववर्षाच्या तांदळाच्या मोची-वड्या खाल्ल्यास, कान कोरून घेतलेस आणि गेलास. पुढे डाव्या बाजूनं हाक मारली तर पोर वळेना. तेव्हा कुणालाही न विचारता मी तिला दवाखान्यात नेलं.

तो मळ नव्हताच, शुन्पेई. पडद्याच्या आत कातडी वाढत गेलीय, त्यात पू झालाय, आणि ऐकण्याची जी इवलीशी हाडं असतात त्यांतलं एक त्या कातडीच्या गाठीनं खाऊन टाकलंय. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “एकाच कानातून घाण वास येतोय म्हटल्यावर लगेच आणायचं ना हो!” तुझ्या आणि आईंच्या वाट्याचं सगळं मी मान खाली घालून ऐकून घेतलं. गाठ निघेल म्हणतात. ऐकू किती येईल ते कुणी सांगत नाही. घरी आल्यावर आई काय म्हणाल्या माहितीये? “तरी मी सांगत होते, रक्तातच खोट आहे.” संताप संताप झाला माझा.

काल आंघोळीनंतर फुयुकाचे केस पुसत होते. डावा कान हातानं झाकून तिनं विचारलं, “आई, डॉक्टर माझ्यातलं तुझं रक्त काढून टाकणार का गं? मग मी आजीसारखी चांगली होईन?” मी पुष्कळ समजावलं. तिनं मान डोलावली, पण पटलं नाही; ज्या रक्ताबद्दल शंका, त्याच रक्ताची मी. म्हणून हे पत्र. रजा मिळो न मिळो, बुधवारी ये. आईंच्या देखत फुयुकाला जवळ घे आणि तुझ्या तोंडानं सांग की हा आजार आहे, आणि तिच्या आईच्या रक्तात काहीही वाईट नाही. तिच्या उजव्या बाजूला बसून सांग. तिला एकेक शब्द ऐकू आला पाहिजे.

अजून तरी तुझीच,
आकेमी