डोळ्यांदेखत टाकलेले षटक

प्रिय नाना,

साष्टांग नमस्कार घालावा अशी इच्छा आहे. परंतु खाली गेल्यावर पुन्हा वर येण्याची हमी नसल्यामुळे खुर्चीत बसूनच हात जोडले आहेत, ते पोहोचले असे समजावे. त्र्यंबकला मालिनीकडे तुमचा नवा गुडघा रुळला का? लेकीच्या घरी पथ्य पाळले जाते की तुम्ही तिच्या नकळत साबुदाणावडे खाता? हे पत्र केवळ क्षेमकुशल विचारण्यासाठी लिहीत आहे. त्यात कोणतीही मागणी नाही, हे प्रारंभीच स्पष्ट करतो. (फोन करता आला असता, पण फोनवर कोणीही वाक्य पूर्ण करीत नाही.)

आता ओघाने आलेच म्हणून आपल्या क्लबच्या मुलींच्या संघाविषयी लिहितो. तुम्ही, मी आणि श्रेयस असे आपण तिघे निवडकर्ते. तुम्ही गुडघ्यासह त्र्यंबकला गेल्यापासून संपूर्ण मोसम मी त्या चिरंजीवाबरोबर एकट्याने काढला. तो सामन्याला येतो खरा, पण मान खाली घालून संगणकात सरासरी काढत बसतो. समोर गोलंदाज धापा टाकत असते आणि हा तिला रकान्यात शोधत असतो! मोसमात दहा बळी नसलेल्या गोलंदाजाला मोसमानंतरच्या स्पर्धेच्या संघात घ्यायचे तर तिन्ही निवडकर्त्यांच्या सह्या हव्यात, हा नियमही त्याचाच. (आपण दोघांनी तो मिसळ खाताना मान्य केला. तिखटाने डोळ्यांत पाणी आले असता कोणताही नियम मान्य करू नये, हे आता कळते.)

या नियमात अडकली आहे निलोफर. जुन्या नाशकातल्या खुर्शीदाबाई शिवणकाम करतात, त्यांची ही मुलगी. लेगस्पिन टाकते. चेंडू हातातून असा सुटतो की फलंदाजाने आधी त्याची चौकशी करावी आणि मग पाय टाकावा. नऊ सामने मी निंबाखाली खुर्ची टाकून पाहिले. श्रेयसच्या मते तिचे बळी पाच, म्हणून ती सामान्य. माझ्या मते तिच्या चेंडूंवर अकरा झेल सुटले, म्हणून ती असामान्य. यावर तो कार्टा म्हणाला, “सर, अकरा हासुद्धा आकडाच झाला ना?” (उत्तर होते, योग्य शब्द सुचेपर्यंत तो पोहे आणायला गेला.) खुर्शीदाबाई मात्र कुंपणाशी डबा घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “सर, पोरगी बरोबर टाकते हो. पकडणाऱ्यांच्या हाताला लोणी लागलंय, त्याला ती काय करणार?” नऊ सामन्यांचे इतके नेमके परीक्षण मी वर्तमानपत्रातही वाचलेले नाही.

बरे, ते पाच बळी तरी खरे का? आपल्याकडची रीत तुम्ही जाणताच: फलंदाजी करणाऱ्या संघातल्या बाद होऊन आलेल्या मुली रुसलेल्या चेहऱ्याने धावपुस्तक लिहितात. त्यांना आपल्या मुलींची नावे ठाऊक नसतात. आपली दुसरी गोलंदाज चैताली, तिच्या शर्टावर तिचे नाव पाठभर छापलेले आहे. निलोफरचा शर्ट आईने घरी शिवलेला, पाठ कोरी. तेव्हा नाव न कळलेला प्रत्येक बळी चैतालीच्या खात्यात! असे निदान दोन तरी बळी मी स्वतः तिकडे गेलेले पाहिले. चैतालीने एका सामन्यात एकही चेंडू टाकला नव्हता, तरी तिला एक बळी आहे. श्रेयसला हे सांगितले, तर तो म्हणाला, पुस्तकात नाही ते झालेच नाही.

मग मीही ठरवले. रविवारच्या दहाव्या व अखेरच्या सामन्याला धावपुस्तक मीच हाती घेतले. प्रथम मागील पानांवरील शुद्धलेखन सुधारले, मग पट्टीने रेघा मारल्या. निलोफर आली आणि पहिल्याच षटकात गडी टिपला. पुढच्या षटकात आणखी एक. श्रेयसच्या संगणकाची बॅटरी संपली होती, त्यामुळे तो बिचारा नाइलाजाने सामना पाहत होता. तिसऱ्या षटकात तर एकाच षटकात दोन! शेवटच्या बळीला श्रेयस खुर्चीवरून उडाला आणि टाळ्या पिटू लागला. मग ओशाळून बसला. नाना, हा मुलगा आकड्यांवर वाढलेला. त्याच्या डोळ्यांत मी पाणी पाहिले. पाच आणि चार, नऊ. एक कमी. पण तो स्वतःहून म्हणाला, “सर, माझी सही घ्या.” माझी तर आधीच झाली होती.

प्रकृतीस जपावे. मालिनीस आशीर्वाद.

आपला,
भालचंद्र गायधनी

ता. क. – सोबत एक कागद जोडला आहे. तिसरी सही तुमची. यादी शुक्रवारी बंद होते. वयोगटात निलोफरचे हे शेवटचे वर्ष, म्हणून परतीचे पाकीट तिकीट लावून पाठवीत आहे. तुम्ही तिचा एकही चेंडू पाहिलेला नाही आणि आकडे तिच्या बाजूने नाहीत, हे मला मान्य आहे. न पाहता सही करू नये, हे तत्त्व तीस वर्षे मीच तुम्हाला ऐकवले. ते शुक्रवारपर्यंत उशीखाली ठेवावे.

ता. क. २ – लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही, म्हणून लिहितो. तिसऱ्या षटकातला पहिला बळी यष्टिचीत होता. मला संक्षेप खपत नाहीत. म्हणून मी ‘यष्टिचीत, यष्टिरक्षक मृण्मयी’ असे पूर्ण लिहीत होतो. शाई वाळेपर्यंत मान वर केली नाही. तेवढ्यात दुसरा बळी पडला. पुस्तकात तो श्रेयसने सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. “सर, पाहिलात ना तो बॉल?” असे त्याने विचारले, तेव्हा मी मान डोलावली.

पाहिला नाही, नाना. लेगस्टंपच्या बाहेर पडून ऑफस्टंप घेऊन गेला, असे सगळे मैदान सांगते. खुर्शीदाबाईंनीसुद्धा पाहिला. सही करा; तिला तो पुन्हा टाकावा लागेल.