अक्काची शेड आणि स्लीपरचा ढीग

मी, गुरुशांत शिवलिंगप्पा बिराजदार, वय एकाहत्तर, धंदा लाकडाची वखार, राहणार अक्कलकोट रोड, सोलापूर, मूळ गाव मैंदर्गी, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि कुणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. खालील मिळकत वडिलोपार्जित नाही, त्यामुळे ती कुणाला द्यायची हे मीच ठरवणार.

१. राहतं घर धाकटा मुलगा बसवराज ऊर्फ बसू आणि सून पूनम यांना. थोरला सोमेश पुण्यात स्थिरावला आहे, बँकेतली ठेव त्याला. भांडण झालंच तर पूनम सांगेल ते दोघांनी ऐकावं.

२. लाकूड चिरायची मशीन वखारीतला कामगार बिरुदेव याला. आयुष्यभर त्यानंच ती चालवली, मी नुसता गल्ल्यावर बसलो.

३. चुलतभाऊ सिद्धराम याला बाभळीच्या सालीचा एक तुकडा. माझी थोरली बहीण महानंदा, म्हणजे आमची अक्का, बाभळीच्या सालीवर डॉक्टरेट करत होती तेव्हा हा नात्यातल्या एका लग्नात सगळ्यांदेखत म्हणाला होता, "साली उकळत बसनाऱ्या पोरीला कोन करून घेतंय?" त्यानं ती साल उकळून गुळण्या कराव्यात. तोंडाला बरी असते.

४. आता मुख्य गोष्ट. वखारीची जागा, मागची पत्र्याची शेड आणि तिथला रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा ढीग, हे सगळं डॉ. महानंदा शिवलिंगप्पा बिराजदार हिला.

का, ते पोरांना कळावं म्हणून लिहितो. कुर्डुवाडीकडून लिलावात निघालेले लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, पूर्वी सोलापुरात जळणाला जायचे. वाळवी लागू नये म्हणून त्यांना डांबराचं तेल पाजलेलं असतं, त्यामुळे आच जोरात आणि बराच वेळ टिकते. बेकरीवाले खूश. पावाला खरपूस वास येतो, असंही गिऱ्हाईक म्हणायचं! अक्का तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. एक दिवस ती शाकीर बेकरीवाल्याच्या भट्टीवर जाऊन उभी राहिली.

शाकीर चिडला. "बाई, पाव खाऊन कोन मेलंय का आजपतुर?"

"तेच तर बघायला आलेय. धुराडं दाखवा की."

तिनं काजळी खरवडून नेली, पावाची लादी विकत घेऊन नेली, आणि दोन्हींत त्या डांबराच्या तेलाचं विष दाखवून दिलं. गावभर बोभाटा न करता एकेका भट्टीवर जाऊन समजावलं. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, तरी ही बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. लई चिवट! शेवटी शाकीरनंच पहिल्यांदा साधं बाभळीचं सरपण लावलं. त्याच्या मागोमाग बाकीचे आले.

पण स्लीपर जाळायचे नाहीत, तर करायचं काय? या एका प्रश्नापायी अक्कानं निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घातली. लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी तिनं शेडमधल्या खड्ड्यांत स्लीपरच्या तुकड्यांवर वाढवली आहे. ती लाकूड खाता खाता डांबराचं तेलही खाते. परदेशातले प्राध्यापक हे बघायला आमच्या वखारीत आले, भुशात बसून चहा प्याले. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण छाती माझी फुगली होती. निकाल हाती यायला अजून चार पावसाळे लागतील, असं ती म्हणते.

आणि गेल्या महिन्यात बसू मला म्हणाला, "अप्पा, वीटभट्टीवाले त्या ढिगाला चांगला भाव देतायत. जागा पन मोकळी होईल की." अक्का शेडच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आत जाऊन बुरशीच्या खड्ड्यांवर पाणी मारत बसली. त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

ढिगातलं एक लाकूडही जळणाला जाता कामा नये. अक्कानंतर ही जागा तिची विद्यार्थिनी सृष्टी हिच्याकडे जावी. हा मसुदा अक्काला वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बुरशी हरली तर तेबी छापायचं, असं लिही." लिहिलं.

५. आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. माझ्यासाठी काडीभर लाकूड लागणार नाही. मैंदर्गीच्या शेतात बसवावं, भाषणं नकोत.

६. शाकीरला काही देत नाही. साक्षीदाराला देता येत नाही, असं वकील म्हणतात.

खाडाखोड एक: कलम चारमध्ये वकिलांनी अक्काच्या नावापुढे "अविवाहित व आश्रित बहीण" असं टाइप केलं होतं. ते मी स्वतःच्या हातानं खोडलं आहे. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. अक्काच्या शिष्यवृत्तीवर मी जेवलो, तिच्या पगारावर ही वखार उभी राहिली. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "गुरूचं शिक्षण होऊ दे." आश्रित या घरात एकच होता, तो मी.

खाडाखोड मान्य. सही: गुरुशांत शि. बिराजदार

साक्षीदार: १. शाकीर फकीर बागवान, बेकरी मालक २. मायाप्पा सिदू पुजारी, निवृत्त शिक्षक

सोलापूर, दि. १४ फेब्रुवारी २०२५