आई गेल्याची खातरजमा

रविवार, ८ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या मॅनेजरच्या पत्त्यावर. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण शिलाई काही सुटत नाही. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. बाहेरच्या खोलीत निळ्या कापडाचे ढीग, त्यामुळे चहा दारात उभं राहून प्यायचा. तुझं जेवणखाण वेळेवर होतं ना? फोटोत फार वाळलेला दिसतोस.

मासिकातल्या त्या बाईंचा फोन आला होता. तुझ्यावरचा लेख छापण्याआधी तू सांगितलेलं सगळं खरं आहे ना, हे तपासणं त्यांचं काम. तुझा निरोप आधीच आला होता, 'ताई, कोणी काही विचारलं तर सांभाळून घे.' मला वाटलं, कॉलेजबद्दल काहीतरी ठोकून दिलं असशील.

बाई गोड बोलत होत्या. "त्यांच्या पहिल्या गाण्यातला ठेका आईच्या शिलाई मशीनचा, हे खरं?"

"अगदी खरं," मी म्हटलं. तू कपाटामागे टेप लपवून तो आवाज भरून घ्यायचास, तेही सांगितलं. मोठ्या तोऱ्यात.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि ते नऊ वर्षांचे असताना आई गेल्या?"

आई पलीकडे मशीन चालवत होती.

तुझे कार्यक्रम, ती नाचणारी गर्दी, तुझं झालेलं नाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मी म्हटलं, "हो."

"मागे कसला आवाज येतोय?"

"शेजारी काम चाललंय."

मी काही हरिश्चंद्राची लेक नाही, पण जिभेला असा चटका कधी बसला नव्हता. फोन ठेवला तर मशीन थांबलेलं आणि आई दारात. "दोरा संपला," एवढंच म्हणाली.

नंतर बाईंनी परत फोन केला. घराबाहेरच्या कुणाकडून तरी खात्री हवी होती. मी अंघोळीला गेले होते, म्हणून आईनं उचलला. मी बाहेर आले तर ही सांगतेय, "मी शेजारची. हो हो, गेली बिचारी. पोरावर फार जीव होता तिचा. जरा तापट होती, एवढंच." आणि चक्क हसली.

मला रडू फुटलं. तर मलाच म्हणते, "अगं, मीच नव्हतं का त्याला बजावलं? कॉलेज सोडून गाणी वाजवत फिरलास, तर आई मेली असं समज. जन्मात माझं एवढं एकच ऐकलं त्यानं."

त्या दिवशी तिनं एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. मग खिडकीशी बसून एक उसवत राहिली.

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहितेय, पण लिहायचं होतं ते हे : काल मी बाईंना फोन करून खरं सांगितलं. आई आहे, मी खोटं बोलले, ती 'शेजारीण'सुद्धा आईच होती. बाईंनी सगळं पुन्हा विचारून लिहून घेतलं. लेखात आता काय येईल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या तुला गाठतीलच. लोक तुला नाही नाही ते बोलतील, आणि त्याला कारण मी. तुला न विचारता केलं. विचारलं असतं तर तू थांब म्हणाला असतास आणि मी थांबले असते. दगा मी तुम्हा दोघांनाही दिला. तिला आधी दिला, म्हणून तिचा आधी निस्तरला.

बाईंना आईशी बोलायचं आहे. आईला विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "आधी त्याचा फोन येऊ दे. मी जिवंत आहे की नाही, ते त्यालाच ठरवू दे."

धाकट्या, ती अजूनही तू सांगशील तेच बोलेल. म्हणून भीती वाटते. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण फोन तिला कर. मी उचलणार नाही.

तुझी गुन्हेगार, तरी तुझीच,
ताई