सुजाताने नाही म्हटलं

मंगळवार, संध्याकाळ. ठाकुर्ली.

आज दादा आणि मी सुजाताला घेऊन बाळकुमला गेलेलो, बौद्धिक अपंगत्व असलेल्या बायकांची निवासी संस्था बघायला. आई गेल्यापासून ही आमची धाकटी बहीण माझ्याकडेच आहे. जागा स्वच्छ होती, तिथल्या मॅडमही प्रेमळ. पण खोल्यांना कडी फक्त बाहेरून. ती कडी काही डोक्यातून जात नाहीये.

मॅडम सगळं मलाच विचारत होत्या. नीट जेवते का, चिडते का. सुजाता बाजूलाच बसलेली, बत्तीस वर्षांची. शेवटी मी म्हटलं, "तिलाच विचारा ना."

सुजाता म्हणाली, "मला इथे नाही राहायचं. मला बेकरीत जायचंय."

ठाण्याच्या एका बेकरीत ती मागच्या महिन्यात बिस्किटांचे खोके भरायला शिकली. मालकीणबाई सोमवारपासून ये म्हणाल्यात.

परतताना दादा माझ्यावरच चिडला. "तिला काय कळतं? उद्या तुला काही झालं तर कोण बघणार?" भीती मलाही वाटते. रस्ता चुकली तर? कुणी त्रास दिला तर? पण ती बाहेरची कडी... तिला तिथे ठेवून मी घरी जेवले असते का?

आत्ताच दादाला फोन करून सांगितलं, ती कामाला जाणार. त्याने फोन ठेवून दिला.

मग तिला विचारलं, "सुजा, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. पहिल्या दिवशी सोडायला ये. पण आत नको येऊस हं, ताई."